टक्के किती?

माझ्या धाकट्या भावाला, नंदूला, बौद्धिक अक्षमता आहे. वय चौतीस. रोज सकाळी डबा घेऊन तो पीएमपीच्या बसने कार्यशाळेत जातो. तिथे कागदी फायली आणि कापडी पिशव्या करतो, दिवाळी जवळ आली की पणत्या रंगवतो. अधूनमधून आम्ही सगळे एसटीने साताऱ्याकडे गावी जातो. पुणे महापालिकेच्या योजनेतून त्याला पीएमपीचा मोफत पास आहे आणि एसटीत दिव्यांगांची पंचाहत्तर टक्के सवलत आहे. दोन्ही त्याच्या हक्काचं. पण हा हक्क कुणाला ना कुणाला पटवून द्यावा लागतोच, आणि नंदूच्या बाबतीत ते जरा जास्त अवघड जातं, कारण त्याच्याकडे पाहून काही कळत नाही. कुबडी नाही, काठी नाही, काळा चष्मा नाही. नीट भांग पाडलेला, शर्ट खोचलेला, खिडकीपाशी बसायला मिळावं म्हणून घाई करणारा माणूस, एवढंच दिसतं.

इतक्या वर्षांत मला एक गोष्ट पक्की पटली आहे. पात्रता कागदाने सिद्ध व्हायला हवी. माणसाला भर बसमध्ये आपलं कमीपण उलगडून दाखवायला लागू नये. ज्या घरचे कागद चोख असतात त्या घरच्या माणसाची मान ताठ राहते. पुढे लिहिलेलं सगळं त्यासाठी.

१. आधी तीन आकडे पाठ करा : ४०, ६५, ८०

कुठल्याही खिडकीवर पहिला प्रश्न येतो, "टक्के किती?" नाव नंतर विचारतात. तेव्हा या आकड्यांचा अर्थ घरातल्या प्रत्येकाला माहीत हवा. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार मान्य केले. १९९५च्या जुन्या कायद्यात ते सातच होते. प्रकार कुठलाही असो, सवलतीसाठी किमान ४० टक्के लागतात. एसटीच्या साध्या गाडीत ४० टक्क्यांपासून तिकिटात ७५ टक्के सवलत मिळते. ६५ टक्के किंवा जास्त असतील तर सोबतच्या माणसालाही ५० टक्के मिळते.

८० हा आकडा कार्डाच्या रंगाचा. ज्याला सगळे यूडीआयडी म्हणतात ते ओळखपत्र ४०च्या खाली पांढरं, ४०पासून ८०च्या आत पिवळं आणि ८०पासून पुढे निळं असतं. इथे एक अडचण येते. पिवळ्या कार्डात पन्नास टक्केवालाही बसतो आणि पंचाहत्तर टक्केवालाही. पहिल्याच्या साथीदाराला सवलत नाही, दुसऱ्याच्या साथीदाराला आहे. गर्दीत कंडक्टर मास्तर रंग बघतात आणि पुढे सरकतात. म्हणून कार्ड देताना टक्क्यांच्या आकड्यावर अंगठ्याचं नख टेकवून द्यायचं आणि सांगायचं, "पंचाहत्तर आहेत, सोबत मी आहे." एवढं केलं की पुढचं बोलणं बहुतेक वेळा लागत नाही.

२. डॉक्टरांसमोर रोजचं सांगा

बौद्धिक अक्षमतेत टक्के कसे ठरतात हे मला समजलं तेव्हा खूप गोष्टी उलगडल्या. हाताचं वाकणं मोजता येतं, कानाचा आलेख निघतो. इथे बुद्ध्यांकाच्या चाचणीबरोबर व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणी वापरतात. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड इथल्या संस्थेत एडगर डॉल यांनी ती १९३०च्या दशकात तयार केली आणि नागपूरच्या ए. जे. मालिन यांनी तिचं भारतीय रूप केलं. या श्रेणीत मुलाला काही सोडवायला देत नाहीत, त्याला ओळखणाऱ्या माणसाला विचारतात. स्वतः जेवतो का? बटणं लावतो का? घराच्या आसपास एकटा जातो का? लांब एकटा जातो का? पैसे हाताळतो का? उत्तरांवरून गुण निघतो. ५५ ते ६९ म्हणजे सौम्य, ५० टक्के. ३६ ते ५४ मध्यम, ७५ टक्के. २१ ते ३५ तीव्र, ९० टक्के. २० किंवा खाली अतितीव्र, १०० टक्के. ७० ते ८४ ही सीमारेषा, तिथे २५ टक्के मिळतात आणि बसच्या सवलतीचा प्रश्नच मिटतो.

म्हणजे उत्तरं आईची आणि टक्के लेकराचे. आणि इथेच आयांची पंचाईत होते. तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर बसलं की आतलं सगळं ऐकू येतं. "आंघोळ स्वतः करतो का?" "हो, करतो की." त्या 'हो'मागे गरम-गार पाणी कोण सारखं करतं, पाठीला साबण कोण लावतं, दार बाहेरून कोण धरून उभं राहतं, हे काहीच कागदावर येत नाही. परक्या माणसासमोर पोराचं उणं बोलायला आईची जीभ रेटत नाही. त्याहून मोठं कारण असं की जे आपण वर्षानुवर्षं त्याच्यासाठी करत आलो ते आपल्याला दिसेनासंच होतं. माझी आई रोज नंदूच्या शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावते. तिला विचारलंत तर ती शपथेवर सांगेल की बटणं तोच लावतो.

यावर उपाय सोपा आहे. तपासणीच्या आधी आठवडाभर एक वही ठेवायची. सकाळपासून रात्रीपर्यंत त्याने काय केलं, कुणाच्या मदतीने केलं, कितीदा सांगावं लागलं, एवढंच लिहायचं. आमच्या वहीत बसबद्दल असं होतं : "ठरलेल्या एका बसने जातो. थांब्यावर आई सोडते, तिकडे कार्यशाळेच्या ताई उतरवून घेतात. पालखीत रस्ता बदलला तेव्हा उतरला नाही, शेवटच्या थांब्यापर्यंत बसून राहिला, ड्रायव्हरने फोन केला." 'बसने एकटा जातो का' याला नुसतं 'हो' म्हटलं तर ते खोटं नव्हतं, पण त्यातून नंदू कुणालाच कळला नसता. वही वाचल्यावर मानसशास्त्रज्ञ बाईंनी पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदा नीट प्रश्न विचारले.

नसलेलं मात्र काही सांगू नका. वाढवून सांगितलेली एक गोष्ट उघडी पडली की खऱ्या दहा गोष्टींवरचा विश्वास जातो.

३. मुदत बघा

लहान मुलांचं सर्टिफिकेट कायमचं नसतं. पाच वर्षांच्या आत 'विकासात सर्वांगीण विलंब' असं निदान लिहून तात्पुरतं देतात. त्यानंतर पाचव्या, दहाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते आणि अठराव्या वर्षीचं आयुष्यभर चालतं. पालकांच्या हातून हा अठरावा वाढदिवस निसटतो, कारण त्याच सुमारास शाळा सुटते आणि आठवण करून देणारं कुणी उरत नाही. मुदत संपलेलं कार्ड घेऊन बसमध्ये चढू नये. मास्तरांनी ते नाकारलं तर ते बरोबरच असतं.

४. जुना कागद फेकू नका, नवा काढायला उशीर करू नका

नंदूचं पहिलं सर्टिफिकेट हाताने लिहिलेलं होतं. तीन डॉक्टरांच्या सह्या, गोल शिक्का अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर, आणि घड्यांवर पिवळा पडलेला चिकटपट्टीचा पट्टा. तेव्हा त्याला फार वजन होतं. मग राज्यात संगणकावरची सर्टिफिकेटं आली, आणि १ जून २०२१पासून देशभर फक्त यूडीआयडीच्या पोर्टलवरूनच प्रमाणपत्र देणं बंधनकारक झालं. जुना कागद असेल तर तो जोडून पोर्टलवर अर्ज करता येतो. नसेल तर अर्ज करून दवाखान्याची तारीख घ्यायची आणि बोर्डापुढे जायचं.

अर्ज भरण्याआधी आधार कार्ड समोर ठेवा. आधारवर नंदकुमार, शाळेच्या दाखल्यावर नंदू, रेशनकार्डावर नंदकिशोर, हे घरोघरी असतं आणि यातली एक काना-मात्रासुद्धा अर्ज अडकवून ठेवते. आधी आधार नीट करा, मग बाकीचं. अर्जाची पावती, तिच्यावरचा नोंदणी क्रमांक आणि दवाखान्याचा प्रत्येक केसपेपर एका पिशवीत ठेवा. नियमांप्रमाणे प्रमाणपत्र द्यायला पूर्वी एक महिन्याची मुदत होती, २०२४च्या दुरुस्तीने ती तीन महिने केली. मला ही दुरुस्ती पटलेली नाही. ज्याला रोज बसने कामावर जायचं आहे त्याने तीन महिने पूर्ण तिकीट काढायचं, असा तिचा अर्थ होतो. पण मुदत आहे म्हणजे ती संपल्यावर विचारण्याचा हक्कही आहे. तोंडी विचारू नका. दोन ओळींचा अर्ज करा, आवक शिक्का मारून घ्या.

ठरवलेले टक्के मान्य नसतील तर कायद्याच्या कलम ५९खाली अपील करता येतं. दवाखान्यात कुणी हे आपण होऊन सांगत नाही. अपिलाला वहीसारखा पुरावा नाही.

५. प्रत्येक गाडीचं दार वेगळं

एका कार्डावर सगळं मिळतं असं समजून निघू नका. एसटीत यूडीआयडी कार्ड दाखवायचं आणि त्या-त्या प्रवासाचं सवलतीचं तिकीट घ्यायचं. पुण्यातला मोफत पास महापालिकेच्या समाजविकास विभागाच्या योजनेतला. त्याचे पैसे महापालिका भरते, म्हणून दिव्यांगत्वाबरोबर महापालिकेच्या हद्दीत राहत असल्याचाही पुरावा लागतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांचं इथेच अडतं, तेव्हा भाडेकरार नोंदवून घ्या आणि आधारवरचा पत्ता बदलून ठेवा. पासाला मुदत असते. ती संपायच्या आधीच्या महिन्यात जा, संपल्यावर गर्दी असते.

रेल्वेचं आणखी निराळं. तिथे रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यातलं डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि रेल्वेचं स्वतःचं ओळखपत्र लागतं, आणि सवलत सगळ्या एकवीस प्रकारांना नाही. सोबतीशिवाय प्रवास न करू शकणाऱ्या बौद्धिक अक्षम व्यक्तीला ती आहे, सोबत्यालाही आहे. २०२०च्या मार्चमध्ये ज्येष्ठांची सवलत बंद झाली तेव्हा दिव्यांगांची राहिली. अनेकांना दोन्ही बंद झाल्या असं वाटतं आणि ते विचारायलाच जात नाहीत.

६. सोबत कोण आहे त्यावर हिशोब बदलतो

आमच्या घरचे चौघे एका बाकावर आणि मागच्या बाकावर बसले की मास्तरांना चार वेगळी तिकिटं काढावी लागतात. बाबांची पंचाहत्तरी झाली आहे, त्यामुळे त्यांना २६ ऑगस्ट २०२२पासून सुरू झालेल्या अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत एसटी पूर्ण मोफत. आधार दाखवलं की झालं. आईला आणि मला १७ मार्च २०२३पासून महिलांना मिळणारं अर्धं तिकीट. आम्हाला कुणी काही विचारत नाही. नंदूला पाव तिकीट, यूडीआयडीवर. म्हणजे सोबत बाई असेल तर साथीदाराच्या सवलतीचा वेगळा फायदा उरत नाही, कारण अर्धं तिकीट तिला तसंही मिळतं आणि दोन सवलती एकावर एक लागत नाहीत. त्या सवलतीचा खरा उपयोग माझा नवरा त्याला घेऊन जातो तेव्हा. म्हणून पासष्ट टक्क्यांवरून वाद घालायची वेळ येते ती बहुतेक पुरुष सोबत्यावर. घरातल्या पुरुषांना हे नीट समजावून ठेवा, कारण कागद सांभाळणाऱ्या आपण असतो आणि ऐन वेळी बोलायचं त्यांना असतं.

मला यातलं एक मात्र खुपतं. बाबांना वयाच्या दाखल्यावर शंभर टक्के मोफत, आणि ज्या मुलाला आयुष्यभर कमाई दोन-चार हजारांच्या पुढे नेता येणार नाही त्याला पाव तिकीट आणि वर चौकशी. ज्येष्ठांचं काढून घ्या असं मी म्हणत नाही. नंदूचं तेवढं करा एवढंच म्हणते. पुण्यात महापालिकेने ते केलं आहे. राज्यभर करायला काय हरकत आहे?

७. माणसाची परीक्षा घेऊ देऊ नका

एका बसमध्ये घडलेली गोष्ट. नंदूने कार्ड पुढे केलं. मास्तरांनी ते हातात घेतलं, मग त्याच्याकडे पाहिलं. "तुला काय झालंय? चांगला तर दिसतोस." नंदू हसला. कुणी आपल्याशी बोललं की तो हसतो. "नाव काय?" नंदूने सांगितलं, आडनावासकट. "दोन आणि दोन किती?" त्याने बोटं पुढे धरली, मोजली आणि म्हणाला, "चार." मास्तर मागे वळून बाकीच्या लोकांना म्हणाले, "बघा, येतंय की सगळं."

गाडीतले दोघं-तिघं हसले. नंदूही हसला, त्याचं उत्तर बरोबर आलं होतं.

मी उठून उभी राहिले. आवाज चढवला नाही. "मास्तर, त्याची परीक्षा डॉक्टरांच्या बोर्डाने घेतली आहे, निकाल कार्डावर लिहिलाय. तुम्ही कार्ड तपासा. शंका असेल तर नंबर उतरवून घ्या आणि वर कळवा. त्याला काही विचारू नका." त्यांनी कार्ड पुन्हा पाहिलं, तिकीट दिलं आणि पुढे गेले. नंदू मात्र घरी पोचेपर्यंत मला विचारत होता, "ताई, चार बरोबर ना?" मी दर वेळी बरोबर म्हटलं.

ही वाक्यं मी त्यानंतर ठरवूनच ठेवली आणि कार्यशाळेतल्या सगळ्या पालकांना लिहून दिली. कार्डावर फोटो आहे, तो जुळतो का हे बघणं मास्तरांचं काम. मुदत आहे का, टक्के किती, हेही त्यांचं काम. माणूस खरंच तसा आहे का हे ठरवणं त्यांचं काम नाही, आणि आपलं माणूस ते त्यांना पटवून देणार नाही. पोलिओने पाय अधू झालेल्या आमच्या शेजारच्या काकांना एकदा पँट वर करून दाखवायला सांगितलं होतं. त्यांनी दाखवलं, आणि पुढे कित्येक महिने बसने जायचंच सोडलं. असं कुणी सांगितलं तर दाखवायचं नाही. गाडीचा नंबर, मार्ग, वेळ आणि तिकीट जपून ठेवायचं आणि डेपोत लेखी तक्रार द्यायची.

मास्तरांची बाजूही समजून घ्यायला हवी, आणि ती मी मनापासून समजून घेते. चुकीच्या सवलतीचं तिकीट दिलं आणि मार्ग तपासणी पथक गाडीत चढलं तर जाब त्यांनाच द्यावा लागतो. भरलेल्या गाडीत, एका हातात मशीन आणि एका हातात सुटे पैसे धरून, त्यांना दोन सेकंदांत ठरवायचं असतं. म्हणून कार्ड आधीच हातात काढून ठेवा. मूळ कार्ड ठेवा. झेरॉक्स आणि मोबाइलमधला फोटो कुणी मानतं, कुणी मानत नाही. आणि हेही सांगायला हवं की साताऱ्याच्या एसटीत एक मास्तर असे भेटतात, जे नंदूला पाहिलं की त्याच्यासाठी राखीव सीट रिकामी करून देतात आणि कार्डही तितक्याच काळजीने तपासतात. तपासणी आणि माणुसकी एकत्र राहू शकतात, ते मास्तर रोज तसंच करतात.

८. कार्ड त्याच्याच खिशात

आधी कार्ड आईच्या पर्समध्ये असायचं. कार्यशाळेतल्या ताईंनी सांगितलं, पास त्याचा आहे तर दाखवायचाही त्याने. महिनाभर घरात सराव केला. मी मास्तर व्हायची, तो खुर्चीवर बसायचा. "पास?" म्हटलं की शर्टाच्या आतल्या खिशातून काढायचा, सरळ धरायचा, परत ठेवायचा आणि खिशाचं बटण लावायचं. गळ्यातली पट्टी आम्ही नको म्हटली. ती लावली की रस्त्यावरच्या प्रत्येकाला आपण काहीतरी सांगत राहतो आणि त्याची गरज नाही. कार्डामागे एका चिठ्ठीवर आईचा आणि माझा फोन नंबर आहे. पालखीच्या दिवशी ड्रायव्हरने तोच लावला होता.

९. सहीचा प्रश्न

अठरा वर्षं पूर्ण झाली की आई-बाप कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. अर्जावर नंदूने अंगठा दिला तर एखाद्या खिडकीवर विचारतात, पालकत्वाचा कागद कुठे आहे? १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमून देते. नुसत्या बसच्या पासासाठी हे करायची गरज नसते. पण बँक, पेन्शन, मालमत्ता या सगळ्याला तो कागद लागतो, आणि आई-बाप हिंडते-फिरते आहेत तोवर तो करून घ्यावा.

१०. खोट्यांमुळे आपल्याला त्रास होतो, म्हणून तपासणीला हो म्हणा

२०२४मध्ये एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याच्या दिव्यांग प्रमाणपत्रावरून देशभर गदारोळ झाला. त्यानंतर काही दिवस बसमध्ये, खिडकीवर, शेजारपाजारी सगळीकडे एकच सूर : "हल्ली खोटी सर्टिफिकेटं फार निघालीत." ते नंदूकडे बघून म्हटलं जायचं. खोटेपणाने हे लाभ घेतले तर २०१६च्या कायद्याच्या कलम ९१मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. ती शिक्षा व्हायला हवी, असं मला कुणाहीपेक्षा जास्त वाटतं. एक खोटं कार्ड निघालं की शंभर खऱ्या माणसांना गाडीत उभं करून प्रश्न विचारले जातात. फेरतपासणीचं पत्र आलं तर रागावू नका, सगळे केसपेपर घेऊन जा. फक्त ती दवाखान्यात होऊ दे, डॉक्टरांकडून होऊ दे.

११. पन्नास टक्केवाल्यांसाठी अर्ज करा

नंदूच्या कार्यशाळेत एक मुलगा आहे. त्याच्या व्हाइनलँडचा गुण सौम्य गटात आला, म्हणून पन्नास टक्के. त्याला लिहिता येतं, मोबाइल चालवता येतो. पण गाडीत गर्दी झाली, कुणी मोठ्याने बोललं की तो घाबरून मधल्याच थांब्यावर उतरतो आणि मग सापडत नाही. त्याला एकट्याने पाठवता येत नाही, वडील बरोबर जातात. नंदूचा साथीदार अर्धं तिकीट काढतो आणि याचे वडील पूर्ण, कारण पासष्टला पंधरा कमी पडतात. टक्केवारी अक्षमता मोजते. सोबतीची गरज तिच्यातून दर वेळी कळत नाही. उलट, एखादा पाय गमावलेला माणूस सत्तर टक्के असूनही साऱ्या महाराष्ट्रात एकटा फिरतो.

हा फरक कायद्याला माहीत आहे. २०१६च्या कायद्याच्या कलम ३८मध्ये जास्त आधाराची गरज असलेल्या व्यक्तीला तो आधार मागण्याची आणि मंडळाकडून गरज तपासून घेण्याची तरतूद आहे. मग प्रमाणपत्रावर टक्क्यांच्या शेजारी एक रकाना असावा : प्रवासात सोबत लागते, हो किंवा नाही. डॉक्टर नाहीतरी जाण्या-येण्याबद्दल विचारतातच, ते उत्तर एका शब्दात कार्डावर यायला काय अडचण आहे? मग मास्तरांना आकडे जुळवत बसावं लागणार नाही.

आम्ही पालकांनी मिळून पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयात तसा अर्ज दिला आहे आणि त्याची प्रत राज्याच्या दिव्यांग कल्याण विभागाला पाठवली आहे. अजून उत्तर आलेलं नाही. ज्यांच्या घरी पन्नास टक्क्यांचं कार्ड आहे त्यांनी आपापल्या जिल्ह्यातून असाच अर्ज द्यावा. मोठं लिहायची गरज नाही. मुलाचे टक्के, तो एकटा गाडीत बसला की नेमकं काय होतं, सोबत कोण जातं आणि त्या माणसाला महिन्याला तिकिटाला किती पैसे लागतात, एवढं पुरे. आठवडाभराच्या वहीची झेरॉक्स जोडा. आवक शिक्का घ्यायला विसरू नका.